मालकाशिवाय पहिला स्ट्रोक नाही

दादा,

तू गेल्यावर एक दिवस कारखाना बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट वेळेवर आली, लहान मशीनं सुरू झाली आणि पत्र्याचे भाग काढणारा मोठा प्रेस मात्र तसाच उभा राहिला. मी तेव्हा संत तुकाराम नगरला तुझ्या घरी होते. वहिनींच्या माहेरची माणसं आली होती, त्यांच्या चहापाण्याचं बघत होते. तेवढ्यात चाकणहून ढोबळ्यांचा फोन आला.

"ताई, सगळी मशीनपाशी हुबी हायेत. पहिला स्ट्रोक कोन मारनार?"

"तुम्ही मारा. प्रॉडक्शन तुम्हीच बघता ना?"

"बघतो की. पन मी मालक न्हाई."

"बरं, मग मी येते."

ढोबळे जरा घुटमळले. "तुमाला सुतक हाय, ताई. दादा हळदकुंकू लावून, पाया पडून मग बटन दाबायचे. सुतकात कसं चालंल? माझं काय न्हाई, पन सेटरच्या मनात शंका येती. हात जायचं मशीन हाय ते."

बघ, काय करून ठेवलंस. ज्यांना हक्क आहे त्यांना सुतक, आणि ज्यांना सुतक नाही त्यांना हक्क नाही. तुझ्या हयातीत मी तुला शंभरदा विचारलं असेल, तू नसलास तर काय करायचं? तुझं उत्तर ठरलेलं. "मी असतोच."

तुझा नियम तसा साधा होता. प्रेसमधली साच्याची डाय बदलली की पहिला पीस मालकाने काढायचा. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, पत्र्याचा ब्रॅकेट खाली पडला की तो उजेडाकडे धरायचा आणि कडेवरून अंगठा फिरवायचा. अंगठ्याला टोचलं तर पीस भंगारात आणि डाय पुन्हा खाली. नाही टोचलं तर "चालू द्या". तोवर कुणी मशीनला हात लावायचा नाही.

हा नियम कुठून आला ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी चिखलीच्या शेडमध्येच होते. तेव्हा दोनच प्रेस होते. गिऱ्हाईकाने अख्खी गाडी परत पाठवली होती. सगळ्या मालाला कडेला धार, आणि डाय बसवणारा सेटर म्हणत होता की मला वाटलं चालेल. तू त्याला ओरडला नाहीस. तो टेम्पो आपण सगळ्यांनी मिळून रिकामा केला, आणि तू हात पुसत म्हणालास, "नुकसान ज्याचं, अंगठा त्याचा. उद्यापासून पहिला पीस मी बघणार." त्यानंतर चिखलीतून आपली एकही गाडी परत आली नाही. हे मी तुझ्या बाजूने पहिल्यांदाच लिहून देते आहे, कारण तोंडावर कधी दिलं नाही.

पण चिखलीत तू शेडच्या मागेच राहायचास. चाकणचा प्लांट झाला आणि तू मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये बसायला लागलास. तिकडे शिफ्टची माणसं हात बांधून उभी, इकडे तू ड्रायव्हरला घाई करतोयस आणि मी शेजारच्या सीटवर वेळापत्रक पुढे ढकलतेय. किती वर्षं आपण त्या गाडीत एकच भांडण भांडलो.

"ढोबळ्यांना करू दे."

"ढोबळे चांगला आहे. पण माल परत आला तर त्याचं काय जातं?"

"आणि रोज सकाळी मशीन उभं राहतं, त्यात तुझं काय जातं ते सांगू?"

"मंगे, तुझ्या त्या याद्या घरी ठेवत जा."

मी याद्या घरी ठेवल्या नाहीत. माझा स्वभावच तो. तुझ्याकडे येण्याआधी मी ज्या मोठ्या कंपनीत होते, तिथे मला याच स्वभावाचा पगार मिळायचा. त्या कंपनीचा मालक कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेअर बाजारात हजारो लोकांकडे तुकडे होते, वर एक बोर्ड होतं, त्याच्या वर परदेशात आणखी एक. सगळं नीट, सगळं लिहिलेलं. एकदा मी पत्र्याच्या मापातली चूक दाखवली. त्या कागदावर वरपर्यंत सह्या झाल्या आणि तो "योग्य ती कार्यवाही करावी" असा शेरा घेऊन परत माझ्याच टेबलावर आला. आपल्याकडे आले त्याच आठवड्यात तशीच चूक तुला दाखवली, तर तू हातातला घास ताटात ठेवून खाली शॉपमध्ये, मशीनांपाशी गेलास. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या प्रत्येक भांडणात तू ते माझ्यावर उलटवलं असतंस.

तू तुझ्या बाजूने उदाहरणं द्यायचास, मी माझ्या. भोसरीतल्या तुझ्या मित्राने बाहेरच्यांना कंपनी विकली. पहिली दोन वर्षं नवी मशीनं, रंगवलेल्या भिंती, आणि मग सगळ्या डाय दक्षिणेत गेल्या आणि शेडला कुलूप. "बघ," तू म्हणालास, "ज्याचं घर इथे नाही त्याला इथल्या कुलपाचं काय?" मग मी आपल्या पलीकडच्या गल्लीतल्या दोन भावांची आठवण करून दिली. वडिलांनी कुणालाही धाकटेपणा वाटू नये म्हणून अर्धा-अर्धा हिस्सा करून दिला. आता एक चेकवर सही करतो, दुसरा ती अडवतो. कंपनी दोघांची आहे आणि कुणाचीच चालत नाही. "तिथे तर बाहेरचं कुणी नव्हतं," मी म्हटलं. तू काच खाली केलीस आणि बाहेर बघत राहिलास. मला वाटलं जिंकले. तू म्हणालास, "म्हणून तर एकच मालक पाहिजे."

आणि बँकेतला तो दिवस. नव्या मशीनच्या कर्जासाठी मी आठवडाभर बसून कागद तयार केले होते. मॅनेजरने फाईल उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "कंपनीचं सगळं ठीक असेल हो मॅडम, पण सही दादांची पाहिजे, आणि राहतं घर तारण." तू माझ्याकडे असं बघितलंस की विचारू नकोस. बाहेर आल्यावर जिन्यातच म्हणालास, "बघितलंस? बँक कंपनीला ओळखत नाही. मला ओळखते."

"मग बँकेने तुझी शुगरही तपासायला हवी होती," मी म्हटलं.

तू हसलास.

तुझं म्हणणं मला कळत होतं, दादा. आपल्याकडे करार मोडला म्हणून कोर्टात जायचं तर तोवर कारखाना बसून राहणार. माल उधारीवर मिळतो तो तोंडाकडे बघून, कामगार गावाकडून येतो तो कुणाच्या तरी शब्दावर. अशा ठिकाणी एका माणसाचा चेहराच सगळं काम करतो. मला एवढंच म्हणायचं होतं की चेहऱ्याला वय असतं. चेन्नईच्या कंपनीने जेव्हा काही हिस्सा मागितला, तेव्हा मला त्यांचे पैसे नको होते. मला टेबलापलीकडे बसून तुला प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं होतं, ज्याला तू "मंगे, गप बस" म्हणू शकणार नाहीस.

शेवटचं भांडण थेरगावला आमच्या घरी झालं, तू जाण्याआधीच्या रविवारी. बाहेरच्यांना नको तर निदान ढोबळ्यांना आणि चार जुन्या सेटरना मिळून थोडे शेअर दे, एवढंच मी म्हणत होते.

"पगार वाढव, बोनस दे. शेअर नाही. शेअर दिला की उद्या ढोबळे मला विचारणार, नवी गाडी कशाला घेतली?"

"विचारू दे ना. कुणीतरी विचारायला हवं."

तू आमटीची वाटी बाजूला सारलीस. "तू विचारतेस तेवढं पुरे आहे."

हे टोमणा म्हणून म्हणालास की दुसरं काही होतं, ते मला तेव्हाही कळलं नाही. विचारायचं राहून गेलं. त्यानंतरच्या तीन दिवसांत आपण फक्त डिस्पॅचबद्दल बोललो.

त्या सकाळीही तू रस्त्यातच होतास, आणि नेमकी मी सोबत नव्हते. ढोबळ्यांना तुझा शेवटचा फोन आला तो असा: "मशीनला हात लावू नका, पोचतोच." ते तुझ्या शब्दाला जागून उभे राहिले. ड्रायव्हरने गाडी हॉस्पिटलकडे वळवल्याचं त्यांना जेवणाच्या सुट्टीत कळलं. तो फोन त्यांनी मला सांगितला तेव्हा मला तुझा इतका राग आला की रडू थांबलं.

तर मोठा प्रेस उभा होता. गोडाऊनमध्ये एक दिवस पुरेल एवढा माल होता, जो मी तुझा विरोध पत्करून ठेवायला लावला होता आणि ज्याला तू "मंगलचं लोणचं" म्हणायचास. त्या लोणच्यावर पहिली गाडी निघाली. तरी गिऱ्हाईकाच्या परचेस खात्यातून फोन आलाच. "मॅडम, दादांचं ऐकून फार वाईट वाटलं. उद्याच्या गाडीचं नक्की ना? आणि एक मेल टाकून ठेवा, आता निर्णय कोण घेणार." त्यांची चूक नाही. त्यांची लाईन आपल्या ब्रॅकेटवर चालते.

त्याच संध्याकाळी चेन्नईचे गृहस्थ भेटायला आले. हार आणला, तुझ्या फोटोला नमस्कार केला, वहिनींसमोर अदबीने बसले. आता त्यांना काही हिस्सा नको होता, सगळीच कंपनी हवी होती. "मॅडमना त्रास नको," ते म्हणाले. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्या. मी विचारलं, माणसांचं काय? "बघू," ते म्हणाले. डायचं काय? त्यावर ते चहाबद्दल बोलले.

ते गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "मंगलताई, तुम्हाला हेच हवं होतं ना?"

"मला भाग द्यायचा होता, वहिनी. सगळं नाही."

"तुमच्या दादांना ते कळलं असेल का?"

तुझे सगळे शेअर आता वहिनींकडे जाणार. ज्या बाईला तू दसऱ्याच्या पूजेपलीकडे कधी प्लांट दाखवला नाहीस, तिच्या एका सहीवर सगळे अडकलेले. त्या घाबरून विकतील असं मला वाटत होतं. विकल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता.

सकाळी मी निघाले तर वहिनी साडी बदलून दारात उभ्या. म्हणाल्या, मीही येते. त्यांच्या आत्याने तिथेच अडवलं. "अगं, दहावं व्हायच्या आत घराबाहेर? लोक काय म्हणतील?"

"आत्या, तिथे माणसं मशीनपाशी उभी आहेत. मी इथे बसून काय करू?"

मोशीच्या पुढे ट्रॅफिक होतंच. वहिनींनी एकदाच विचारलं, "ते रोज इथेच अडकायचे?" मी हो म्हटलं.

शॉपमध्ये गेलो तेव्हा ढोबळे धावत आले आणि हात जोडून उभे राहिले. डाय रात्रीच बसवलेली होती. गेटवर गाडी लागलेली होती, आणि लोणचं संपलं होतं.

वहिनींनी प्रेस खालपासून वरपर्यंत बघितला. "ते काय करायचे, मला सांगा."

ढोबळ्यांनी सगळं दाखवलं. बटणं, उजेड, अंगठा.

"हे तुम्हाला करता येत नाही?"

"येतं की, वहिनी."

"मग?"

ढोबळे माझ्याकडे बघायला लागले. "ते म्हनायचे, नुकसान ज्याचं, अंगठा त्याचा. आता खरं सांगायचं तर माझं काय नुकसान? गाडी परत आली तरी पगार व्हनारच. मंग मन जरा ढिलं पडतंच, वहिनी. मानूस हाय."

मला वाटलं, आता वहिनी म्हणतील की चला घरी. त्या म्हणाल्या, "मंगलताई, तुम्ही यांना शेअर द्यायचं म्हणत होता. यांना आणि सेटरना. अजून तसंच वाटतं का?"

"वाटतं. पण वहिनी, शेअर अजून तुमच्याच नावावर चढलेले नाहीत. कागद व्हायचेत, वकिलांना विचारायचंय..."

"कागद तुम्ही करा. मी सगळ्यांसमोर शब्द देते." मग त्या ढोबळ्यांकडे वळल्या. "त्यांचा नियम मोडायचा नाही. मालकाशिवाय पहिला स्ट्रोक नाही. पण ढोबळे, एकच मालक असावा हे काही मशीन सांगत नाही. आजपासून नुकसान तुमचंही."

दादा, तुझ्याशी भांडण्यात माझी इतकी वर्षं गेली आणि मी सतत तुझा नियम मोडायला बघत होते. नियम तसाच ठेवून मालक वाढवायचे, हे माझ्या एकाही यादीत नव्हतं.

ढोबळे खूश झाले असं तुला वाटलं असेल. त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी, मला घरी इचारावं लागंल," ते म्हणाले. मागे दोन सेटर हसले. "हसू नका रे. बँकेत सही करावी लागंल का? आमचं घर लहान हाय."

"बँकेत मी सही करीन," वहिनी म्हणाल्या. "घर मोठं आहे, आणि आता त्यात मी एकटीच आहे."

मग कुणी हसलं नाही.

हे चालेल की नाही, मला माहीत नाही. चेन्नईवाल्यांना मी कळवलंय की सगळं मिळणार नाही, हिस्सा हवा असेल तर बोलू, आणि डाय इथून हलणार नाहीत हे आधी लिहून द्या. त्यांचं उत्तर आलेलं नाही. बँकेचे मॅनेजर वहिनींना भेटायचं म्हणतायत, म्हणजे चेहरा बघायचा आहे. आणखी पाच माणसं मालक झाली की पाच तोंडं वाढणार, आणि गल्लीतल्या त्या दोन भावांसारखं आपलं झालं तर तू वरून "मी म्हणत नव्हतो?" म्हणशील, तेही मी ऐकून घेईन. तू असतास तर हे होऊ दिलं नसतंस. तू नाहीस म्हणून झालं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवून मला रोज चाकणला जायचं आहे.

त्या सकाळचं राहिलेलं सांगते. ढोबळ्यांनी हात पुसले, हळदकुंकू लावलं, सेटरना मागे सरायला सांगितलं. दोन्ही बटणं दाबली. प्रेस खाली आला तेव्हा वहिनी दचकल्या आणि त्यांनी माझा हात धरला. ढोबळ्यांनी ब्रॅकेट उचलला, उजेडाकडे धरला, कडेवरून अंगठा फिरवला. मी लांबून बघत होते. पीस मला चांगला दिसत होता. गेटवरून ड्रायव्हरचा दुसऱ्यांदा निरोप आला होता.

ढोबळ्यांनी पुन्हा एकदा अंगठा फिरवला आणि पीस भंगाराच्या पेटीत टाकला.

"डाय खाली घ्या."

मी पुढे झाले. "ढोबळे, गाडी उभी आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "उभी ऱ्हाऊ द्या, ताई."

तू मला रोज हेच ऐकवायचास आणि मी रोज चिडायचे. त्या दिवशीही चिडले. बाहेर जाऊन ड्रायव्हरला चहा पाजला, परचेसला फोन करून बोलणी खाल्ली, पुढच्या तासांचं वेळापत्रक नव्याने लिहिलं. संध्याकाळपर्यंत फोन हातातून खाली ठेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

गाडी उशिरा पोचली. परत आली नाही.